तिचे स्वतःचेच दात

लोकांच्या तोंडाकडे बघून पोट भरणारी माणसं दोनच, एक दातांचा डॉक्टर आणि दुसरा फोटोवाला. दातांचा डॉक्टर जे दिसेल ते तोंडावर सांगून मोकळा होतो. फोटोवाला ते पोटात ठेवतो. फोटोकाकांनी जन्मभर पोटातच ठेवलं, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचा स्टुडिओ होता. एक पडदा, एक गोल स्टूल, छत्री लावलेले दोन दिवे. पूर्वी उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने आणि बारीक पात्याने ते चेहरे दुरुस्त करायचे. पुढे तेच काम संगणकावर आलं. चामखीळ काढायची, डोळ्यांखालचं काळं पुसायचं, गालफडं थोडी भरायची. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली ते शिकले त्याने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "पोरा, जे खोडलंस ते विसरून जायचं. गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नाही. त्याला वाटू दे, मी असाच आहे." काकांनी ते मनावर घेतलं. गिऱ्हाईक फोटो बघून खूश होऊन जायचं आणि काका गल्ल्यामागे मख्ख चेहऱ्याने बसायचे. धंद्यापुरतं हे ठीकच होतं. पण काकांनी तेच घरी नेलं.

काकूंचा समोरचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. लग्नाआधी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या दातावरच काका पाघळले होते. काकू हसल्या की तो दात सगळ्यात आधी बाहेर यायचा. काकांनी तिचे ढीगभर फोटो काढले आणि एकाही फोटोत त्या दाताला हात लावला नाही.

लेक झाली आणि काकूंच्या हिरड्या बिघडल्या. आधी रक्त, मग पू, मग दात हलायला लागले. ऐन तारुण्यात वरचा एकही दात धड राहिला नाही. लेक पाळण्यात होती. काकू तिला घेऊन बहिणीकडे गेल्या, "जरा हवापालट" म्हणून, आणि परत आल्या त्या वरची अख्खी कवळी लावून. काकांना म्हणाल्या, "तिकडच्या डॉक्टरने औषध दिलं. दात घट्ट झाले." आता औषधाने दात घट्ट होतील एक वेळ, पण चढलेला दात खाली उतरून मुकाट्याने रांगेत उभा राहील का? काकांनी दारातच ओळखलं. तो दात गेला याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. पण ते म्हणाले, "बरं झालं बाई, त्रास संपला." तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल, आपण कशाला खपली काढायची, असा त्यांनी विचार केला. तिने सांगितलं नाही. यांनी विचारलं नाही. बघता बघता लेक कॉलेजात गेली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी हे तसंच.

आणि नुसतं गप्प बसले असते तर एक वेळ चाललं असतं. काका त्यात मदत करायला लागले. घरात शिरताना दाराबाहेर खाकरायचे. न्हाणीघराची कडी सैल झाली तर त्याच दिवशी घट्ट करायचे. कवळी धुवायच्या गोळ्या काकू पावडरच्या जुन्या डब्यात लपवायच्या, तो डबा काकांनी चुकून कधी हलवला नाही. फक्त एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. ते रात्री शेजारी झोपायचे, म्हणून काकू कवळी घालूनच झोपायच्या. रोज, वर्षानुवर्षं.

मग काकूंना घास अडकायला लागला. आधी भाकरीचा, मग भाताचा, मग पाण्याचासुद्धा. तपासण्या झाल्या. अन्ननलिकेत गाठ निघाली, आणि ती कॅन्सरची होती.

सर्जन बाई तरुण होत्या, पण बोलणं एकदम रोखठोक. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठीचा भाग कापून काढायचा, जठर वर ओढायचं आणि जोडायचं. "ऑपरेशन माझ्याकडे लागलं," त्या म्हणाल्या, "पण नंतरची भानगड फुफ्फुसाची असते. छातीत दुखतं म्हणून पेशंट खोकत नाही. तोंडातली लाळ नकळत खाली उतरते, आणि लाळेबरोबर तोंडातले जंतू. ते फुफ्फुसात गेले की आमची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या. तोंड स्वच्छ करून या."

दातांच्या डॉक्टरकडे काकू लेकीला घेऊन आत गेल्या. लेक मुद्दाम रजा काढून आली होती. तिला कवळीचं माहीत होतं. जाणती झाल्यावर आईनेच सांगितलं होतं आणि बाबांना कळू द्यायचं नाही म्हणून शपथ घातली होती. काका बाहेर बाकावर बसले. मध्ये होतं प्लायवूडचं पातळ पार्टिशन. आतून डॉक्टरचा आवाज स्पष्ट आला, "रात्रीसुद्धा काढत नाही? कधीच? अहो, टाळू बघा कशी झाली आहे, नुसती लाल. या प्लास्टिकवर जंतूंचा थर बसतो. रात्रभर ते तोंडात घोळत राहतात." काकूंचं उत्तर ऐकू आलं नाही. काकांनी समोरचं जुनं मासिक उचललं आणि दार उघडलं तेव्हा ते वाचण्यात अगदी गढून गेलेले होते.

त्या रात्री लेक म्हणाली, "बाबा, आईला रात्री काही लागलं तर मीच झोपते तिच्याजवळ. तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा." काकांनी एका शब्दाने विचारलं नाही, उशी उचलली आणि गेले. ऑपरेशनपर्यंत काकूंचं तोंड कधी नव्हे इतकं निगुतीने धुतलं गेलं. तिघंही घरात एकाच गोष्टीभोवती पाय न वाजवता फिरत होती, आणि तिघांपैकी कुणीही तिचं नाव घेत नव्हतं.

ऑपरेशन उत्तम झालं. काकू आधी अतिदक्षता विभागात होत्या, मग मोठ्या वॉर्डात आल्या. पोटात थेट नळी, तीतून पातळ अन्न. तोंडाने थेंबही नाही. लेक पडदा ओढून आईची कवळी काढायची, धुवायची, हिरड्या आणि जीभ पुसून घ्यायची, रात्री कवळी डबीत ठेवायची आणि सकाळी बाबा यायच्या आत परत तोंडात बसवायची. काका आले की काकू मंद हसायच्या. काकांना वाटायचं, आता ही सुटली.

मग लेकीलाच ताप भरला. सर्दी, खोकला, अंग फणफणलेलं. अशा माणसाला पेशंटजवळ कोण येऊ देणार? त्याच दिवशी काकूंना वरच्या मजल्यावर हलवलं, तिथले लोक सगळे नवे. लेकीने घरून फोन केला. आवाज घोगरा झाला होता. "बाबा, आईचं तोंड साफ करायला सिस्टरना सांगा. आणि त्या वेळी तुम्ही बाहेर थांबा. नक्की."

"बरं," काका म्हणाले. त्यांना सगळं कळलं होतं.

वरच्या मजल्यावरची सिस्टर कामाची होती. आल्या आल्या तिने काकूंची उशी सारखी केली, नळ्या बघितल्या आणि काकांना विचारलं, "काकूंना कवळी वगैरे आहे का?"

विचारलं ते काकूंच्या देखत. काकू जाग्या होत्या. त्यांनी काकांकडे बघितलं, आणि ती नजर काकांना बघवेना. एवढ्या मोठ्या दुखण्यात, अंगाला पाच ठिकाणी भोकं पाडलेली असताना, या बाईला भीती कशाची वाटत होती, तर नवऱ्याला आपलं बोळकं दिसेल याची. फाईलमध्ये कवळीचं कुठेतरी लिहिलेलं असणारच, पण नवरा समोर उभा असताना फाईल कोण उघडतो.

"छे," काका म्हणाले. "तिचे स्वतःचेच दात आहेत."

काकूंनी डोळे मिटले. चादरीखालून त्यांचा हात आला आणि त्याने काकांचं बोट घट्ट धरलं. काकांचा ऊर भरून आला. आपण बायकोची लाज राखली असं त्यांना वाटलं. लग्नानंतर इतकं मोठं काम आपल्या हातून झालं नाही, असंही वाटलं असेल. शहाण्या माणसाने इतका वेडेपणा करावा म्हणजे हद्द झाली, पण त्या घटकेला त्यांच्याहून सुखी माणूस त्या मजल्यावर नव्हता.

पुढे रोज सिस्टर यायची, औषधात बुडवलेल्या बोळ्याने दात बाहेरून पुसायची, ओठांना मलम लावायची. काकू जबडा आवळून धरायच्या. "छान ठेवलेत हो दात या वयात," एकदा सिस्टर म्हणाली, आणि काकूंच्या डोळ्यांत हसू आलं. काका दिवसातून दोनदा "जरा चहा पिऊन येतो" म्हणून मुद्दाम लांब जायचे. म्हणजे तेवढ्यात तिने आपलं आपण उरकावं. पण एका हाताला सुई, दुसरा हात खांद्याच्या वर उचलत नाही, उठून बसायला दोन माणसं लागतात. कुठून काढणार आणि कुठे धुणार? काकांना हे दिसत नव्हतं असं नाही. ते स्वतःची समजूत घालायचे, की तोंडाने काही खातच नाही तर तोंड खराब होईल कशाने? आणि लेक काय, आज उद्या बरी होऊन येईलच.

काकूंचं बोलणं ऐकायला काका जवळ वाकले की एक वास यायचा. औषधांचा असेल, काका म्हणायचे. औषधांचा नव्हता.

काकूंना थंडी वाजून ताप आला. श्वास उथळ झाला, नाकात प्राणवायूची नळी लागली. फोटो काढला छातीचा, आणि तो फोटो काकांना कुणी समजावून सांगावा लागला नाही. उजवीकडची काळी जागा खालून पांढरी झाली होती. फोटोत काय असायला हवं आणि काय नको, हे ज्याने आयुष्यभर बघितलं, त्याला हे पांढरं खोडता येत नव्हतं.

सर्जन बाई खाटेशी आल्या. "न्यूमोनिया आहे. तोंडाची काळजी घेतली जातेय ना?"

"रोज करतोय मॅडम," सिस्टर म्हणाली. "दात स्वतःचेच आहेत, चांगले आहेत."

"मग जोडलेल्या ठिकाणी गळती असणार," बाई म्हणाल्या. "आत दुर्बीण घालून बघावं लागेल. वेळ आली तर परत उघडायचं. आत्ताच घ्या."

काकूंची छाती भात्यासारखी चालली होती. त्यांना परत टेबलावर घेणार, परत कापणार, आणि तेही आपल्या एका वाक्यापायी. त्यांनी काकूंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर परत गप्प बसले असते.

"तिला कवळी आहे," ते म्हणाले. "वरची. पूर्ण."

सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. विचारलं होतं."

तिने हातमोजे चढवले. काकूंनी तोंड मिटून धरलं, पण जोर कितीसा उरला होता. कवळी टाळूला चिकटून बसली होती, ती सुटताना आवाज आला. आतल्या बाजूने पिवळट राखाडी बुळबुळीत थर होता. टाळू सोलवटल्यासारखी लाल आणि तिच्यावर पांढरे चट्टे. वासाने सिस्टरची मान आपोआप वळली. सर्जन बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "हे इथून खाली गेलंय." त्यांनी औषधं बदलायला सांगितली, दर थोड्या वेळाने तोंड धुवायला सांगितलं. कापाकापी टळली. काकूंनी कुणाकडेच बघितलं नाही. ओठ आत गेले होते, गाल बसले होते. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं.

संध्याकाळी काका खुर्ची ओढून जवळ बसले. काकू भिंतीशीच बोलल्यासारख्या बोलल्या. दात नसल्याने शब्द फुटत नव्हते, काकांना वाकून ऐकावं लागलं.

"कधीपासून?"

"बहिणीकडून आलीस त्या दिवसापासून."

काकू म्हणाल्या, "मग मी एवढी वर्षं एकटी जेवले ती कशाला?"

हे खरं होतं. लेक आणि काका जेवून उठले की काकू स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या आणि आत एकट्या जेवायच्या. चावताना कवळी सटकायची, ते कुणाला दिसू नये म्हणून. काकांनी त्याचा अर्थ लावला होता, हिला आपलं निवांत जेवायला आवडतं. बाहेर बसून ते पेपर वाचायचे. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला कधी पोटभर जेवताना बघितलं नव्हतं, आणि आता तिच्या पोटात नळी होती.

"तुला वाईट वाटू नये म्हणून मी..." काका म्हणाले.

"वाईट तर मला रोज वाटायचं," काकू म्हणाल्या.

काका रडले, आवाज न करता. काकूंनी तोंड वळवून त्यांच्याकडे बघितलं, आणि यांचा चेहरा बघून त्यांना दया आली की कंटाळा आला कोण जाणे, पण त्यांनी तोंड उघडलं. काकांनी सिस्टरने ठेवलेला बोळा औषधात भिजवला. आधी एका बाजूची हिरडी, मग दुसरी, मग टाळू, जिथे ती सोलवटली होती तिथे अगदी हलक्या हाताने. पेन्सिलीने निगेटिव्हवर काम करायचे तसाच हात लावला त्यांनी. दुखलं की काकू त्यांचं मनगट धरायच्या, ते थांबायचे, मग परत सुरू करायचे.

"दिसते कशी?" काकूंनी विचारलं.

"म्हातारी दिसतेस," काका म्हणाले.

काकू हसल्या. तोंडावर हात न घेता हसल्या, आणि हसता हसता खोकला आला तो थांबेना.

दुसऱ्या दिवशी त्यांना खाली अतिदक्षता विभागात नेऊन श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. जंतू रक्तात उतरले होते. औषधं बदलली, वाढवली, परत बदलली. काका काचेच्या दारापाशी उभे राहायचे. लेक ताप उतरल्यावर धावत आली, पण आई तिला ओळखण्याच्या पलीकडे गेली होती. एका दुपारी सर्जन बाई बाहेर आल्या, आणि त्यांनी हातमोजे आधीच काढलेले होते.

काकू गेल्याचं नियमाप्रमाणे सांगून झाल्यावरही बाई तिथेच उभ्या राहिल्या. "काढलेल्या गाठीचा रिपोर्ट कालच आला," त्या म्हणाल्या. "सांगावं की नाही मला कळत नाही. कडा स्वच्छ होत्या. कॅन्सर आम्ही पूर्ण काढला होता." त्या खाली मान घालून आत गेल्या.

बाहेरच्या बाकावर बाप-लेक बसले. शेजारी कुणाचातरी पाण्याचा जग पडला होता. लेक खूप रडली आणि मग तिचं रडू संपलं. तिने बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आईला वरची कवळी होती, बाबा. मी लहान असल्यापासून. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून तिने शपथ घातली होती मला. त्या दिवशी फोनवर मी एक शब्द बोलले असते, तर तुम्ही सिस्टरना सांगितलं असतं. तुम्हाला बिचाऱ्यांना काय माहीत. तिला शब्द दिला म्हणून मी गप्प बसले आणि तिला घालवलं."

काकांना काहीसुद्धा करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं की झालं, आणि ते काम त्यांना जन्मभर जमलं होतं. सिस्टर काही लेकीला बोलवून सांगणार नव्हती. लेकीचे दोन्ही हात गरम होते. आता आपलं म्हणावं असं हेच एक माणूस त्यांना उरलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर काय बसलंय ते त्यांना दिसत होतं. आपण गप्प बसलो तर ते तिथून कधीच निघणार नाही, हेही कळत होतं.

"मला माहीत होतं," काका म्हणाले.

"काय?"

"कवळीचं. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून. सिस्टरने मला विचारलं होतं, कवळी आहे का म्हणून. तुझी आई समोर होती. मी नाही म्हणून सांगितलं."

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. तिला आधी नीट समजलंच नाही, मग एकेक करून सगळं समजत गेलं, आणि काका ते समजताना बघत राहिले. त्यांनी मान खाली घातली नाही.

लेकीने आपले हात काढून घेतले. मग ती उठली, आणि आईचं सामान ताब्यात घ्यायला एकटीच आत गेली.